जुन्या संगणकावर प्रोग्रामिंगचे वर्कस्टेशन: डेबियनपासून पहिल्या मेकफाइलपर्यंत

रामबागेतल्या आमच्या घरी, जिन्याशेजारच्या खोलीत, एक जुना डेस्कटॉप आहे. एका कार्यालयाने नवी यंत्रे घेतली तेव्हा तो मोडीत निघत होता. त्याच सुमारास माझ्या भाच्याने इथेच इंदूरला अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, त्याला सी भाषा शिकायची होती, म्हणून मी तो उचलून आणला. त्यानंतर ओळखीतल्या आणखी काही मुलांची यंत्रे याच रीतीने तयार करून दिली आणि दर वेळी माझे एक मत अधिक पक्के होत गेले: पॅकेजांची, म्हणजे बसवायच्या प्रोग्रामांच्या गठ्ठ्यांची, लांबलचक यादी एका दमात बसवून मोकळे होणाऱ्याचा वेळ वाचत नाही. प्रोग्राम लिहिण्याचा संपादक, तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, अनेक फाइलींचे कंपाइल सांभाळणारे मेक, चुका शोधणारा डीबगर आणि बदलांची नोंद ठेवणारे गिट यांची एक साखळी असते, आणि तिची प्रत्येक कडी बसवल्याबरोबर ओढून पाहिली असेल, तरच पुढे काही अडल्यावर दोष नेमका कोठे आहे हे कळते. म्हणून खाली बहुतेक टप्प्यांनंतर एक लहानशी चाचणी सांगितली आहे. ती गाळू नये.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीची, सुरुवात १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये झाली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहून काढला आणि तेव्हापासून या प्रणालीचा व या भाषेचा संसार एकत्रच आहे. त्याच घराण्याच्या वळणावर १९९१ मध्ये लिनक्स आली. मी येथे लिनक्सवर आधारलेली डेबियन ही प्रणाली, तीही ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली १३ वी, म्हणजे ट्रिक्सी नावाची आवृत्ती धरली आहे. ती मोफत आहे, जुन्या यंत्रावर निमूट चालते आणि तिची पॅकेजे वारंवार बदलत नाहीत. शिकणाऱ्यासाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोठा.

कमांड आपण एकमेकांना फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करावयाच्या आहेत. स्पेलिंगचा घोटाळा होण्यासारखा असेल तेथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

यंत्र आधी तपासावे

पहिला प्रश्न प्रोसेसर ६४ बिटांचा आहे की नाही हा होय, कारण ट्रिक्सीमध्ये जुन्या ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर दिलेलाच नाही. मेमरी ४ गिगाबाइट असली तरी सी आणि पायथन शिकायला पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर ते प्रोसेसरवर करू नयेत. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी फिरता भाग नसलेली २४० गिगाबाइटची डिस्क, म्हणजे एसएसडी, बसवावी. जुन्या यंत्राचा स्वभाव बदलणारा हा एकच खर्च आहे.

दुसरी वस्तू फार थोडे लोक पाहतात, ती म्हणजे मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल. त्याच्यावर सीआर २०३२ असे छापलेले असते, आणि यंत्र बंद असताना त्याचे घड्याळ याच सेलवर चालते. झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्या घरांची सवय असल्यामुळे सेल संपलेला असला की दर सकाळी घड्याळ मागे पडलेले सापडते. इंटरनेट जोडल्यावर प्रणाली वेळ दुरुस्त करून घेते, म्हणून दोष झाकला जातो. पण नेट नसलेल्या दिवशी तो असा काही छळतो की त्याचा घड्याळाशी संबंध असेल अशी शंकाही येत नाही. तो प्रसंग मेकच्या भागात सांगतो. जेल रोडवर सुटे भाग घ्यायला गेलात तर एसएसडीबरोबर हा सेलही घेऊन या.

प्रतिमा आणि पेन ड्राइव्ह

डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘नेटइन्स्ट’ नावाची आयएसओ प्रतिमा, म्हणजे इन्स्टॉलरची एका फाइलमधली प्रत, उतरवून घ्यावी. ती एक गिगाबाइटच्या आत बसते. उरलेली पॅकेजे इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून येतात. त्याच फोल्डरात चेकसमची, म्हणजे फाइल बिनचूक उतरली का हे ताडण्याच्या ओळींची, एक फाइल असते. आपण उतरवलेल्या फाइलवर लिनक्समध्ये ‘शा-५१२-सम’ किंवा विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ चालवून मिळणारी १२८ अक्षरांची ओळ त्या फाइलमधल्या ओळीशी ताडून पाहावी. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरे जुळली म्हणजे झाले असे म्हणणारे भेटतात. अपुरी उतरलेली फाइल त्यात पकडली जाते हे खरे, पण पूर्ण ओळ ताडायला कमांडचा एक पर्याय पुरतो, मग डोळ्यांना कशाला त्रास?

पेन ड्राइव्हवर प्रतिमा चढवण्यासाठी विंडोजमध्ये रुफस हा प्रोग्राम चांगला आहे. लिनक्समधून ‘डीडी’ ही प्रतिमा जशीच्या तशी लिहिणारी कमांड वापरणार असाल, तर आधी ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यावर एकदा चालवावी व यादीत नव्याने उगवलेले नाव कागदावर लिहून घ्यावे. डीडी काहीही विचारत नाही. पेन ड्राइव्हच्या एसडीबी या नावाच्या जागी डिस्कचे एसडीए हे नाव लिहिले गेले, तर घरातली सगळी छायाचित्रे असलेल्या डिस्कवर ती तितक्याच तत्परतेने डेबियन लिहून काढते.

इन्स्टॉलरचे प्रश्न

यंत्र सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा डिलीट यांपैकी जी कळ लागू असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून चालू करावे. इन्स्टॉलर बरेच प्रश्न विचारतो; त्यांतल्या तीनच ठिकाणी थांबून विचार करावा लागतो.

पहिले ठिकाण रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, पासवर्डचे. हा पासवर्ड कोरा ठेवावा. कोरा ठेवला की इन्स्टॉलर रूटचे खाते बंद ठेवतो आणि तुमच्या पहिल्या खात्याला ‘सुडो’चा, म्हणजे एखादी कमांड रूट म्हणून चालवण्याचा, अधिकार देतो. पासवर्ड दिला तर मात्र हा अधिकार मिळत नाही, आणि पॅकेजे बसवणाऱ्या ॲप्टला हाक मारताना पहिल्याच ‘सुडो ॲप्ट’ला तुमचे नाव सुडोअर्सच्या यादीत नाही असे उत्तर येते. ज्यांच्याकडून हे होऊन गेले असेल त्यांनी रूट होण्यासाठी ‘एसयू’ नंतर जागा सोडून वजाचे चिन्ह द्यावे आणि मग रूटचा पासवर्ड टाकावा. ते चिन्ह गाळले तर रूटचा स्वतःचा मार्ग, म्हणजे कमांड जेथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी, लागू होत नाही, खात्याचे गट बदलणारी ‘यूजरमॉड’ ही कमांडच सापडत नाही आणि माणूस ती वेगळ्या पॅकेजमध्ये शोधत बसतो. यूजरमॉडला पर्याय देताना लहान ए आणि कॅपिटल जी हे दोन्ही द्यावेत, त्यापुढे सुडो हा शब्द आणि शेवटी आपले खातेनाव लिहावे. यातला ए विसरला तर सुडोच्या गटात प्रवेश मिळतो खरा, पण बाकीच्या सगळ्या जोड-गटांतून नाव उडते आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच गोष्टी बिनसलेल्या सापडतात. बदल लागू होण्यासाठी बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे लागते.

दुसरे ठिकाण डिस्कच्या वाटणीचे. २४० गिगाबाइटच्या डिस्कवर मी ४० गिगाबाइट मूळ पार्टिशनला, म्हणजे प्रणालीच्या भागाला, ८ गिगाबाइट मेमरी अपुरी पडल्यास लागणाऱ्या स्वॅपला आणि उरलेली सगळी जागा वापरणाऱ्यांच्या फाइलींच्या भागाला, म्हणजे होमला, देतो. होम वेगळे असले की पुढे कधी प्रणाली नव्याने बसवताना होमचे पार्टिशन फॉरमॅट न करता तसेच ठेवता येते आणि मुलाचे वर्षभराचे काम जागच्या जागी राहते.

तिसरे ठिकाण डेस्कटॉपच्या, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेन्यू यांच्या मांडणीच्या, निवडीचे. तेथे जीनोमसमोर आधीच खूण असते. ४ गिगाबाइटच्या यंत्रावर ती काढून एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसमोर करावी. भाषेच्या प्रश्नाला मी इंग्रजी आणि देशाच्या प्रश्नाला भारत असे उत्तर देतो. मराठीचा अभिमान असलेल्यांना हे रुचणार नाही, पण चुकीचा संदेश इंग्रजीत आला तर तो तसाच्या तसा शोधून उत्तर मिळते, आणि मराठी लिहिण्या-वाचण्यात यामुळे काहीही उणे पडत नाही. ते पुढे येईलच.

कंपायलर आणि पहिला प्रोग्राम

पहिल्यांदा लॉग-इन झाल्यावर टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ चालवावे. पॅकेजांची यादी अजून वैधच झालेली नाही अशी तक्रार ॲप्टने केली, तर तुमचे घड्याळ मागे आहे. ‘डेट’ ही कमांड देऊन खात्री करावी आणि वर सांगितलेला सेल आठवावा.

त्यानंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’. या एका पॅकेजच्या मागे जीसीसी हा सीचा कंपायलर, जी-प्लस-प्लस हा सी-प्लस-प्लसचा, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइली येतात. एवढ्यावर थांबावे. एक्सएफसीईबरोबर माउसपॅड नावाचा साधा संपादक येतो, पहिल्या दिवशी तो पुरेसा आहे. व्हिम हा संपादक चांगला की इमॅक्स हा वाद पहिला महिना उलटेपर्यंत घरात आणू नये. होममध्ये ‘काम’ या अर्थाचा एक फोल्डर करावा आणि सगळे त्यातच ठेवावे. तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प डिरेक्टरीत काही ठेवू नये, कारण ट्रिक्सीत ती डिस्कवर नसून मेमरीत असते आणि यंत्र बंद झाले की रिकामी होते.

आता एका ओळीचा सी प्रोग्राम लिहून कंपाइल करावा. जीसीसीला पहिल्या दिवसापासून ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे इशाऱ्यांचे दोन पर्याय आणि डीबगरसाठी ‘जी’ हा पर्याय द्यावा, म्हणजे इशारे वाचण्याची सवय आपोआप लागते. भाच्याने पहिला प्रोग्राम लिहिला त्या दिवशीची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे.

“मामा, कंपाइल झाला, चालवला, पण काहीच छापत नाही. चूकही दाखवत नाही.”

“नाव काय दिलंस त्याला?”

“टेस्ट.”

टेस्ट या नावाची कमांड शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मुळातच आहे. ती अटी तपासते, यशापयश गुपचूप कळवते आणि पडद्यावर काहीही लिहीत नाही. भाचा नुसते ‘टेस्ट’ टाइप करत होता आणि प्रत्येक वेळी शेलची टेस्ट चालत होती. त्याचा प्रोग्राम एकदाही चालला नव्हता. ‘टाइप टेस्ट’ अशी कमांड दिल्यावर शेलने ते स्वतःच सांगितले. चालू फोल्डरातला प्रोग्राम चालवताना आधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते, कारण शेल कमांड शोधताना चालू फोल्डर पाहत नाही. हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे: कोणी तुमच्या फोल्डरात फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडच्या नावाचा स्वतःचा प्रोग्राम टाकून ठेवला, तर यादी पाहताना तो चालून जाऊ नये. टिंब मार्गात घालून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये.

देवनागरी, आणि १५ बाइटांचे इंदूर

इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडत नाही, आणि आपल्या मुलांना तो दुसऱ्याच दिवशी लागतो. देवनागरीचे टंक ‘फाँट्स-देवा’ या पॅकेजने येतात. टाइप करण्यासाठी ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम १७ एन’ ही पॅकेजे घेऊन आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडावी. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठी ठरलेला कळफलक आहे. ज्यांना रोमन उच्चारावरून टाइप करण्याची सवय आहे त्यांनी उच्चारानुसारी रचना निवडली तरी चालते. नंतर बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे.

या कडीची चाचणी अशी: ‘प्रिंटएफ’ या मजकूर छापणाऱ्या कमांडला अवतरणात ‘इंदूर’ हा शब्द द्यावा आणि तिचे उत्तर उभ्या रेघेने ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या कमांडकडे वळवावे. डब्ल्यूसीला ‘सी’ पर्याय दिला तर १५ येते, ‘एम’ दिला तर ५. पंधरा हे बाइट आणि पाच ही युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेताची, चिन्हे: इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. दोन्ही वेळा १५ आले, तर तुमची लोकॅल, म्हणजे भाषा आणि लिपीची सेटिंग, यूटीएफ-८ ची नाही. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकॅल्स’ चालवून इंग्रजी-भारत ही लोकॅल निवडावी, हवी असल्यास मराठीचीही तयार करून ठेवावी. रस्त्यावरच्या पाट्यांवरचे हिंदी ‘इंदौर’ही नेमके १५ बाइटच भरते, तेव्हा त्या वादाचा निकाल संगणकाकडून लागणार नाही.

आता हेच सी भाषेत करून पाहावे. ‘एसटीआर-लेन’ हे फंक्शन ‘ग्वाल्हेर’ या शब्दाची लांबी २७ सांगते. वाचणाऱ्याला त्यात ग्वा, ल्हे, र अशी तीन अक्षरे दिसतात. युनिकोडला ग, हलन्त, व, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र अशी नऊ चिन्हे दिसतात. आणि सी भाषेला केवळ सत्तावीस बाइट. नावासाठी २० जागांची ओळ राखून ठेवणारा पुस्तकातला नमुना प्रोग्राम ‘ग्वाल्हेर’ येताच कोसळतो तो यामुळे, आणि कोसळला नाही तर शेजारची मेमरी खराब करून पुढे जातो, ते अधिक वाईट.

मराठीची आणखी एक स्वतःची गाठ आहे. ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिला शब्द १५ बाइटांचा आणि दुसरा १८ बाइटांचा, त्यामुळे दोन शब्द ताडणारे सीचे ‘एसटीआर-सीएमपी’ त्यांना वेगळे ठरवते आणि शोधलेला शब्द फाइलमध्ये समोर दिसत असूनही सापडत नाही. पायथनमधल्या ‘युनिकोड-डेटा’ या मॉड्यूलचे ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ‘एनएफसी’ या रूपाने वापरले की दोन्हींचे एकच रूप होते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने आत येणाऱ्या मजकुराला आधी या चाळणीतून काढावे.

टर्मिनलमध्ये जोडाक्षरे सुटी किंवा वेलांट्या सरकलेल्या दिसल्या तर घाबरू नये. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचे घर देते आणि आपली लिपी त्या घरांत मावत नाही. उत्तर एखाद्या फाइलमध्ये वळवून ती माउसपॅडमध्ये उघडावी. तेथे ते बरोबर दिसले तर प्रोग्राम निर्दोष आहे.

मेक, टॅब आणि घड्याळ

दोन फाइलींचा प्रोग्राम झाला की हाताने कंपाइल करणे कंटाळवाणे होते, आणि येथे मेक येते. मेकफाइलमध्ये काय बनवायचे, ते कशापासून बनते आणि कोणत्या कमांडने, एवढेच लिहायचे असते. कमांडची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे. तेथे स्पेस असल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ असे म्हणून मेक थांबते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, म्हणून फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या ‘कॅट’ला कॅपिटल ए हा पर्याय देऊन फाइल पाहावी. खरा टॅब असेल तेथे टोपीचे चिन्ह आणि कॅपिटल आय उमटते. संपादकाने टॅबच्या स्पेस करण्याचा पर्याय चालू ठेवला असेल, तर मेकफाइलपुरता तो बंद करावा.

काय पुन्हा बनवायचे हे मेक केवळ फाइलींच्या वेळांवरून ठरवते. मूळ फाइल तयार प्रोग्रामपेक्षा नवी असेल तर ती कंपाइल करते, नाहीतर हात लावत नाही. आता तो सेलचा प्रसंग. भाच्याने महाविद्यालयात दुपारी प्रोग्राम तयार केला आणि सगळा फोल्डर, तयार प्रोग्रामसकट, पेन ड्राइव्हवरून घरी आणला. त्या संध्याकाळी पावसामुळे नेट बंद होते, आणि आमच्या यंत्राचे घड्याळ आदल्या रात्रीवरच अडकलेले होते. त्याने मूळ फाइल दुरुस्त करून मेक चालवले, तर मेक म्हणाले सगळे ‘अप टू डेट’ आहे. त्याने आणखी बदल केले, उत्तर तेच. घरच्या घड्याळाने त्याची ताजी दुरुस्ती आदल्या रात्रीची ठरत होती आणि तयार प्रोग्राम दुसऱ्या दिवशी दुपारचा. तासभर आम्ही मेकफाइल उलटसुलट करून पाहिली. शेवटी ‘एलएस’ला ‘एल’ पर्याय देऊन तारखा वाचल्या तेव्हा उलगडा झाला. मेक असे विचित्र वागू लागले, किंवा फाइलची वेळ भविष्यातली आहे असा इशारा देऊ लागले, की आधी ‘डेट’ चालवावे. तयार झालेल्या फाइली पुसण्यासाठी मेकफाइलमध्ये ‘क्लीन’ नावाचा एक नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर मूळ फाइलीच न्याव्यात.

डीबगरची ओळख चुकीच्या प्रोग्रामवर

‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ने ‘जीडीबी’ हा डीबगर आणि मेमरीतल्या चुका शोधणारा ‘व्हॅलग्राइंड’ ही पॅकेजे घ्यावीत आणि मुद्दाम एक चूक करावी: पाच घरांचा ॲरे घेऊन त्यावर शून्य ते पाच, म्हणजे सहा फेऱ्यांचे लूप चालवावे आणि प्रत्येक घरात काहीतरी लिहावे. हा प्रोग्राम बहुधा मुकाट्याने चालतो, हीच त्यातली शिकण्याची गोष्ट. मग तोच प्रोग्राम जीसीसीला ‘एफ-सॅनिटाइझ’ बरोबर ‘ॲड्रेस’ हा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करावा. आता तो थांबून कोणत्या ओळीने सीमेबाहेर लिहिले ते सांगतो. ओळीचा क्रमांक दिसला नाही, तर ‘जी’ पर्याय द्यायचा राहिला आहे.

जीडीबीमध्ये आरंभी ‘ब्रेक मेन’, ‘रन’, ‘नेक्स्ट’, ‘प्रिंट’ आणि ‘बॅकट्रेस’ एवढ्या पाच कमांड पुरतात. लूपच्या प्रत्येक फेरीला ‘प्रिंट’ने लूप मोजणाऱ्या आय या चलाची किंमत पाहावी आणि ती ५ झाली की थांबावे. एकदा ही चूक अशी डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ‘पेक्षा लहान किंवा समान’ हे चिन्ह लिहिताना पुढे दोनदा विचार करतो.

याच वेळी ‘मॅनपेजेस-डेव्ह’ हे पॅकेजही घ्यावे, म्हणजे सी फंक्शनांची पाने इंटरनेटशिवाय वाचता येतात. ‘मॅन प्रिंटएफ’ दिल्यास शेलमधल्या कमांडचे पान उघडते आणि नवखा गोंधळतो. सी फंक्शनसाठी मध्ये ३ हा आकडा घालावा लागतो. विभाग १ मध्ये कमांड, २ मध्ये सिस्टिम कॉल आणि ३ मध्ये लायब्ररीची फंक्शने, ही विभागणी युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून चालत आली आहे.

पायथन आणि गिट

पायथन ३ यंत्रावर आधीच असतो. त्यात ‘पिप’ या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने थेट काही बसवायला गेल्यास हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते असे सांगून तो नकार देतो. हा नकार मोडून काढण्याचा एक पर्याय आहे आणि तो सगळीकडे सुचवला जातो, पण प्रणालीची स्वतःची काही साधने त्याच पायथनवर चालत असल्यामुळे ते घरच्या पाण्याच्या टाकीत रंग कालवून पाहण्यासारखे होईल. ‘पायथन ३-व्हीएन्व्ह’ हे पॅकेज घेऊन प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात वेगळे आभासी वातावरण, म्हणजे त्या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी मांडणी, करावे. बिघडले तर तो फोल्डर पुसून पुन्हा करता येतो.

गिट बसवल्यावर ‘गिट कॉन्फिग’ला ‘ग्लोबल’ पर्याय देऊन नाव आणि ई-मेल भरावे. ते भरेपर्यंत पहिली नोंदच होत नाही. तयार होणारे प्रोग्राम आणि आभासी वातावरणाचा फोल्डर यांची नावे गिटने काय वगळायचे ते सांगणाऱ्या ‘गिटइग्नोर’ फाइलमध्ये घालावीत. नोंदीचे संदेश मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, गिटला यूटीएफ-८ चालते. मात्र फाइलीचे नाव देवनागरीत दिले तर ‘गिट स्टेटस’मध्ये ते तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दिसते. ‘कोअर’ विभागातली ‘कोट-पाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव वाचता येते.

शेवटची चाचणी परक्या खात्यावर

सगळे बसल्यावर ‘ॲप्ट-मार्क शो-मॅन्युअल’चे उत्तर एका फाइलमध्ये साठवावे आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी. इन्स्टॉलरने घातलेली आणि तुम्ही मागून घेतलेली पॅकेजे तीत एकत्र असतात. यंत्र पुन्हा उभे करण्याची वेळ आली तर ही यादीच उपयोगी पडते. प्रकल्पाचा गिट संग्रहही, म्हणजे नोंदींसकट सगळ्या फाइली, त्याच पेन ड्राइव्हवर क्लोन करून, म्हणजे त्याची पूर्ण प्रत काढून, ठेवावा.

मग ‘सुडो ॲडयूजर’ने एक नवे खाते तयार करून त्यात लॉग-इन करावे. डेबियनमध्ये नव्या खात्याला तुमचा होम फोल्डर वाचता येत नाही, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. त्या खात्यातून पेन ड्राइव्हवरचा संग्रह क्लोन करावा, फोल्डरात जाऊन मेक चालवावे आणि तयार झालेला प्रोग्राम एकदा चालवून पाहावा. आमच्याकडे पहिल्या खेपेला मेक दुसऱ्याच ओळीवर थांबले, कमांड सापडत नाही म्हणून. भाच्याच्या मेकफाइलमधून हाक मारलेली एक छोटी शेल स्क्रिप्ट त्याच्या स्वतःच्या होममधल्या बिन फोल्डरात होती, आणि तो फोल्डर डेबियन आपोआप मार्गात घेत असल्यामुळे ती बाहेरची आहे हे तीन आठवडे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. त्याने ती प्रकल्पाच्या फोल्डरात आणली, मेकफाइलमध्ये तिच्या नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ घातली, नोंद केली, आणि नव्या खात्यातला क्लोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मेक शेवटच्या ओळीपर्यंत गेले.